चाकांवरचा झाडू आणि काळी माती

डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातला कुठलाही मोठा रस्ता पाहा. कडेला उसाचं पाचट, मधेच ट्रेलरमधून निसटलेल्या कांड्या, शेतातून वर चढलेल्या ट्रॅक्टरनं सांडलेली काळी ढेकळं, टपरीपुढं मसाल्याच्या पुड्या. उन्हाळ्यात रसवंतीपुढची चिपाडं. तुळजापुरात या सगळ्यात कुंकू, तेल आणि नारळाच्या शेंड्यांची भर. रस्ता झाडणारी नामांकित यंत्रं ज्या देशांत घडली तिथं त्यांची गाठ पडते ती गळलेली पानं, वाळू आणि बर्फावर पसरलेली खडी यांच्याशी. ती यंत्रं वाईट नाहीत, पण त्यांचा आणि आपल्या रस्त्याचा परिचय व्हायचा आहे. तो व्हावा यासाठी हा मसाला: थोडा इतिहास, थोडं यंत्रशास्त्र आणि बराचसा धाराशिव.

टोगाच्या घडीत चिखल

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये रस्ते झाडून घेण्याची जबाबदारी एडाइल नावाच्या अधिकाऱ्यावर असे. व्हेस्पाझियन त्या पदावर असताना रस्त्यात चिखल दिसला म्हणून सम्राट कॅलिग्युला भडकला. त्यानं सैनिकांना हुकूम सोडला आणि तो चिखल व्हेस्पाझियनच्या अंगावरच्या टोगाच्या घडीत भरायला लावला! ही हकीकत सुएटोनियस या रोमन चरित्रकारानं लिहून ठेवली आहे. पुढं हाच व्हेस्पाझियन सम्राट झाला आणि कलोसियमचं बांधकाम त्याच्याच काळात सुरू झालं.

एक शिलिंग, तीन तास, एक गटार

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की वीज आणि पतंग आठवतो. त्याच्या आत्मचरित्रात मात्र रस्ता झाडण्यावर पानंच्या पानं आहेत आणि ती आजच्या नगर अभियंत्यानंही वाचावीत अशी आहेत. लंडनला क्रेव्हन स्ट्रीटवर राहत असताना एके सकाळी त्याला दारापुढं एक अशक्त, गरीब बाई बर्चच्या काटक्यांच्या झाडूनं झाडताना दिसली. तिला कुणी कामावर ठेवलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी देईल या आशेवर ती झाडत होती. फ्रँकलिननं तिला सांगितलं, अख्खी गल्ली झाड, एक शिलिंग देतो. तेव्हा नऊ वाजले होते. बारा वाजता ती शिलिंग मागायला आली. नोकराला पाठवून पाहिलं तर गल्ली लख्ख आणि सगळी धूळ मधल्या गटारात. पुढच्या पावसानं तीही वाहून नेली.

यावरून फ्रँकलिननं काढलेला निष्कर्ष म्हणजे उत्तम अभियांत्रिकी आहे. अरुंद गल्लीत दोन्ही कडांना दोन गटारं काढू नका, मधोमध एकच काढा. पाणी दोन्हीकडून मध्ये आलं की त्याला जोर येतो आणि ते चिखल ढकलत नेतं. तेच पाणी दोन कडांना वाटलं गेलं तर दोन्हीकडं जोर कमी पडतो, चिखल नुसता पातळ होतो आणि चाकांनी लोकांच्या अंगावर उडतो. धाराशिव, परंडा, नळदुर्ग, तेर इथल्या गावठाणातल्या बोळांत सिमेंटचा रस्ता करताना हे सूत्र जसंच्या तसं वापरता येईल. ज्या बोळात कुठलंच यंत्र शिरणार नाही, तिथं रस्त्याचा उतार हाच झाडू.

फ्रँकलिनचा आणखी एक मुद्दा होता: कोरड्या दिवसांत झाडायचं ते दुकानं उघडण्याआधी, नाहीतर उडालेली धूळ थेट दुकानात जाते. धाराशिवच्या बाजारपेठेत सकाळी दहाला झाडू फिरताना पाहिलेल्या कुठल्याही कापडवाल्याला हे पटेल.

मँचेस्टर, न्यूअर्क, एल्गिन

पहिलं नाव घेण्यासारखं यंत्र इंग्लंडचं. जोसेफ व्हिटवर्थनं १८४२ मध्ये पेटंट घेतलं आणि मँचेस्टरच्या रस्त्यांवर ते घोड्यांनी ओढलं. हा तोच व्हिटवर्थ, ज्यानं स्क्रूच्या आट्यांना प्रमाण ठरवून दिलं. त्याच्या गाडीत साखळीवर झाडू बसवलेले असत. गाडीची चाकं फिरली की साखळी फिरे आणि कचरा तिरक्या फळीवरून वर चढून पेटीत पडे. कचरा नुसता कडेला सारायचा नाही, उचलायचा, ही कल्पना इथं आली.

१८९६ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या चार्ल्स ब्रूक्स या कृष्णवर्णीय संशोधकानं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रात गोल फिरणारे ब्रश सुटे करता येत. हिवाळा आला की ब्रश काढायचे आणि बर्फ खरवडणाऱ्या पट्ट्या लावायच्या. आपल्याकडं बर्फ नाही, पण जूनमध्ये डांबरावर चिकटून बसणारी काळी माती आहे. तिच्यावर ब्रश फिरवला तर ती फक्त लिंपली जाते. पावसाळ्यात खरवडणी, उन्हाळ्यात ब्रश अशी अदलाबदल करणारं यंत्र धाराशिवला हवं, आणि त्याची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडून झाली आहे.

मोटारीवर चालणारा झाडू आणला इलिनॉयमधल्या एल्गिन गावच्या जॉन मर्फीनं. तीन चाकांची ती गाडी १९१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरानं घेतली. एल्गिन हे नाव या धंद्यात आजही चालतं.

सहा इंचांत ७८ टक्के

आता या लेखातला सगळ्यात मोलाचा आकडा. १९७२ मध्ये सार्टर आणि बॉइड या दोघांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी शहरांतल्या रस्त्यांवरची घाण गोळा करून मोजली. ती रस्त्यावर नेमकी कुठं असते? ७८ टक्के घाण कडेच्या दगडापासून पहिल्या सहा इंचांत! एक फुटाच्या आत ८८ टक्के. उरलेल्या सबंध रस्त्याच्या वाट्याला जेमतेम १२ टक्के. कारण साधं आहे. गाड्यांच्या वाऱ्यानं धूळ कडेकडं सरकत जाते आणि उभ्या दगडाला अडून तिथं साठते.

म्हणूनच प्रत्येक रस्ताझाडणी यंत्राच्या बगलेत तो ताटासारखा गोल ब्रश असतो. कडेची घाण ओढून मधे आणायची, मग मधला मोठा ब्रश किंवा सक्शन ती उचलणार. सगळं गणित त्या कडेच्या दगडावर उभं आहे.

आणि आपल्याकडं तो दगडच नसतो. डांबर संपतं, साइडपट्टी सुरू होते, साइडपट्टी मातीची, मातीपलीकडं नाली किंवा शेत. धूळ अडायला काही नाही. यंत्र कडेनं जातं तेव्हा बगलेतला ब्रश साइडपट्टीची माती उकरून रस्त्यावर आणतो, मागून येणारा एसटीचा वारा ती पुन्हा पसरवतो, आणि संध्याकाळी रस्ता सकाळसारखाच. दोष यंत्राला दिला जातो. खरं काम डांबराच्या कडेशी आहे: शहराच्या हद्दीत तरी सलग कडेचे दगड बसवावेत आणि साइडपट्टीवर पेव्हर ब्लॉक किंवा निदान घट्ट दाबलेला मुरूम असावा. एवढं झालं तर महागडं यंत्र न घेताही खराटेवाल्या बाईचं काम हलकं होतं, कारण तिलाही सबंध रस्त्याऐवजी एक फुटाची पट्टीच झाडावी लागते. यंत्राच्या रचनेत सुधारणा करायची तर पहिली सुधारणा यंत्राबाहेर आहे, असं माझं ठाम मत आहे.

बारीक ती बेरकी

त्याच १९७२ च्या अभ्यासातली दुसरी गोष्ट. ४३ मायक्रॉनहून बारीक कण वजनात एकूण घाणीच्या सुमारे ६ टक्केच होते, पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्यातच. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे हे कण केसाहून बारीक. त्या काळची ब्रशवाली यंत्रं खडे, पानं, कागद झकास उचलत, पण हे बारीक कण बहुतांश मागेच राहत. झाडून झालेला रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसे आणि फुप्फुसांसाठी तसाच असे.

आता काळी माती आठवा. तिच्यातले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक असतात. त्यांत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. तेरणा आणि मांजरा नद्यांच्या खोऱ्यातली जमीन अशीच. ओली असताना टायरला धरून रस्त्यावर येते, वाळून ढेकूळ होते, आणि मग दोन ट्रेलर ओढणारा उसाचा ट्रॅक्टर त्या ढेकळाचं पीठ करतो.

रस्त्यावरून किती धूळ उडते हे काढायचं सूत्रही अमेरिकी पर्यावरण संस्थेनं दिलं आहे. त्यात दोनच गोष्टी मुख्य आहेत: रस्त्यावर पडलेली बारीक धूळ आणि वाहनाचं वजन. वाहन दुप्पट जड तर धूळ जवळपास दुप्पट. रस्त्यावरची बारीक धूळ निम्मी केली तर हवेतली धूळही साधारण निम्मी. ऊस कारखान्याला नेण्याचं थांबवता येत नाही, वजन कमी होणार नाही. हातात राहते ती रस्त्यावरची धूळ. कानपूरच्या आयआयटीनं २०१६ मध्ये दिल्लीच्या हवेचा अभ्यास दिला, तेव्हा हवेत सोडल्या जाणाऱ्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांत रस्त्याच्या धुळीचा वाटा ५६ टक्के निघाला होता.

म्हणून ढेकूळ असतानाच उचलायचं. शेतरस्ता जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथं शंभरेक फूट खडीचा पट्टा टाकला तर टायरची बरीच माती तिथंच झडते. बांधकामाच्या मोठ्या साइटवर ही पद्धत नेहमीची आहे. कारखान्यांच्या रस्त्यांवर ती सहज आणता येईल.

तीन घराणी

रस्ता झाडणाऱ्या यंत्रांची तीन घराणी आहेत.

पहिलं ब्रशचं. फिरणारे ब्रश कचरा पट्ट्यावर टाकतात, पट्टा पेटीत नेतो. ओबडधोबड रस्ता, दगड, कांड्या, ढेकळं याला चालतात. धूळ मात्र उडवतं.

दुसरं सक्शनचं. मोठा पंखा हवा ओढतो, पाइपातून कचरा पेटीत जातो. बारीक धूळ छान उचलतं. पण नारळाची करवंटी किंवा उसाची कांडी पाइपात आडवी बसली की सगळं थांबतं.

तिसरं घराणं सगळ्यात हुशार. टेक्सासमधल्या वेको गावी १९६० च्या दशकात ते पुढं आलं. इथं हवा बाहेर सोडत नाहीत. झाडणाऱ्या डोक्याच्या एका टोकातून हवेचा जोरदार झोत रस्त्यावर मारतात, तो भेगांतली धूळ उकरतो, दुसऱ्या टोकातून धुळीसकट हवा ओढतात, धूळ पेटीत बसते आणि तीच हवा पुन्हा झोतात जाते. हवा गोल फिरत राहते, त्यामुळं धूळ बाहेर कमी पडते आणि पाणीही कमी लागतं.

ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी मोठी आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात रस्त्यावर पिण्याचं पाणी फवारणारं यंत्र चालवणं मनाला पटत नाही. सांडपाणी शुद्ध करून तेच टाकीत भरावं, आणि यंत्र घेताना तासाला किती लिटर पाणी लागतं हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

पण तिसऱ्या घराण्याचीही एक अट आहे. डोक्याभोवतीच्या रबरी झालरी रस्त्याला टेकून राहिल्या तरच हवेचा फेरा टिकतो. खड्डा आला की झालर उचलली जाते आणि हवा निसटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर साधा ब्रशच भारी पडतो. म्हणून धाराशिव-तुळजापूर महामार्गाला एक उत्तर आणि शहराच्या आतल्या रस्त्याला दुसरं.

पाणी आणि पुडी यांचंही एक वैर आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी-मसाल्याच्या पुड्या रस्त्यावर आहेतच. कोरडी पुडी सक्शनमध्ये सहज जाते. धूळ बसावी म्हणून पाणी फवारलं की तीच पातळ, चपटी पुडी डांबराला चिकटते आणि हवेला तिच्याखाली शिरायला फटच राहत नाही. फवारा कचऱ्यावर न मारता पाइपाच्या तोंडाशी, आतल्या बाजूला मारला तर दोन्ही साधतं. रचना म्हणतात ती अशा चार इंचांच्या फरकात असते.

पानभर वजन, घमेलंभर वजन

पाचट फुलून पेटी भरतं, वजन काहीच नाही. काळी माती तळाला पसरते आणि धुरा दबतो. एकाच पेटीत दोन्ही कामं करायची तर गळिताच्या हंगामात आकारमान मोठं हवं, पावसाळ्यात भार पेलणारी चेसी हवी. कागदावर नुसतं किती घनमीटर एवढंच पाहिलं तर निम्मीच गोष्ट कळते.

अनवाणी पायांची परीक्षा

रस्ता झाडणाऱ्या यंत्राची जगातली सगळ्यात अवघड परीक्षा कुठं घेता येईल? मी तुळजापूर म्हणेन. २०११ च्या जनगणनेत हे गाव ३४ हजारांच्या आसपास होतं, आणि शारदीय नवरात्रात, कोजागरीला, चैत्री पौर्णिमेला इथं लाखोंनी माणूस येतो. नवरात्राआधी गावोगावची मंडळं तुळजापुरात ज्योत पेटवून धावत आपल्या गावी नेतात. वाटेवर तेल सांडतं. देवीच्या पोताचं, म्हणजे मशालीचं, तेल, कुंकू, हळद, नारळाच्या शेंड्या, खणाचे तुकडे, फुलांच्या माळा.

यातली प्रत्येक गोष्ट यंत्राचा वेगळा भाग अडवते. माळेचा दोरा आणि कापडाची चिंधी ब्रशच्या दांड्याला गुंडाळते आणि बेअरिंगपर्यंत जाते. शेंडी पाइपात अडकते. तेलात कालवलेलं कुंकू ब्रशनं फक्त पसरतं. त्याला आधी भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्यावं लागतं. कोरडं कुंकू आणि हळद इतकी बारीक की साध्या जाळीतून पलीकडं जाते. दोरा कापणारी पाती ब्रशच्या टोकाशी बसवणं, पाइपाच्या तोंडाशी करवंटी अडवणारी उघडझाप करणारी झडप ठेवणं, चिंध्या काढायला दांडा अवजाराविना सुटा करता येणं, या तीन गोष्टी तुळजापूरसाठी सगळ्यात आधी हव्यात.

आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची. कोजागरीसाठी सोलापूरहून तुळजापूरला सुमारे ४५ किलोमीटर माणसं रात्रभर चालत येतात, त्यांतले कितीतरी अनवाणी. वाहनांना त्या वेळी दुसऱ्या वाटेनं वळवतात. आता बगलेतल्या ब्रशचं एक गुपित ऐका: त्याचे केस बहुधा चपट्या स्प्रिंग पोलादाचे असतात आणि ते घासून घासून तुटतात. तुटलेल्या तारा रस्त्यावरच पडतात. पाश्चात्त्य देशांत कुलपं उघडण्याचा छंद असलेले लोक या तारा मुद्दाम वेचून आणतात, कारण त्यांपासून कुलूप उघडायची उत्तम अवजारं होतात! छंदिष्टाला ती चंगळ असेल, अनवाणी भाविकाच्या तळव्याला मात्र तीच तार काटा आहे. पदयात्रेच्या आठवड्यात त्या रस्त्यावर पोलादी केसांचा ब्रश लावूच नये. पॉलिप्रॉपिलीनचा लावावा, आणि यंत्राच्या शेपटीला लोहचुंबकाची आडवी पट्टी असावी. अशी पट्टी खिळे-तारा वेचण्यासाठी बाजारात मिळते. पंक्चर वाचतील ते वेगळंच.

६ मे २०२५ ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. आराखड्यातून होणाऱ्या रस्त्यांना आणि वाहनतळांना झाडायला सोपा आकार पहिल्या दिवसापासून देता येईल. नंतर फोडाफोडी करून तो येत नाही.

पार्किंग म्हणजे झाडूची सुट्टी

न्यूयॉर्कमध्ये १९५० साली एक नियम निघाला: ठरलेल्या दिवशी रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या नाहीत. कारण रस्ता झाडणारं यंत्र! कडेचे सहा इंच गाडीखाली असतील तर सगळ्यात उंची यंत्रही मधला स्वच्छ रस्ता झाडत फिरेल. आपल्याकडं सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या पी-१, पी-२ पाट्या आहेतच. त्या वाहतुकीसाठी लावल्या. त्यांचाच उपयोग झाडणीसाठी करायचा: जी बाजू आज रिकामी, ती आज पहाटे झाडून घ्यायची. खर्च शून्य.

दुचाकींच्या रांगेपुढं मोठं यंत्र काहीच करू शकत नाही. तिथं कामाला येतो तो यंत्राच्या पाठीवरचा हातपाइप. बऱ्याच सक्शन यंत्रांना मागं हत्तीच्या सोंडेसारखा एक लवचीक नळ असतो. कर्मचारी तो धरून दोन स्कूटरांच्या मधलं, नालीच्या तोंडाचं, झाडाच्या आळ्यातलं उचलतो. आपल्या शहरांत हा नळ जोडकामाचा न राहता मुख्य अवजार व्हायला हवा. लांब, हलका, आणि एका बाईला दिवसभर पेलेल असा.

वाहनतळ बांधतानाच्या चुका तर झाडूशी वैर धरून केल्यासारख्या असतात. चाकं अडवायला टाकलेले सिमेंटचे ठोकळे: त्यांच्यामागं कचऱ्याची कायमची वस्ती. काटकोनातले कोपरे: गोल ब्रश तिथं पोचूच शकत नाही. कोपरे वळणदार करावेत, ठोकळ्यांऐवजी मागची कडच उंच ठेवावी, आणि उतार एकाच बाजूला द्यावा, म्हणजे पाऊसही थोडं झाडून देईल. एसटीचं आवार म्हणजे आपलं सगळ्यात मोठं वाहनतळ. २०२३ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियानात स्थानकांना गुण मिळतात. तिथं गाडी उभी राहते त्या फलाटालगत डिझेल-ऑइलचे थेंब पडतात, त्यावर धूळ बसून काळा थर होतो. त्या पट्टीपुरतं तरी काँक्रीट हवं. डांबर तेलानं मऊ पडतं आणि मग कुठलाच ब्रश त्यावर चालत नाही.

आपली गावठी झाडूगाडी

जिल्ह्यातल्या प्रत्येकानं एक यंत्र पाहिलेलं आहे, फक्त त्याकडं या नजरेनं पाहिलेलं नाही. डांबर टाकण्याआधी खडीवरची धूळ झाडायला ट्रॅक्टरला जोडलेला तो लांब, तिरका, गोल ब्रश! रस्तेकामाच्या मानकांतच डांबराचा पहिला हात मारण्याआधी यांत्रिक झाडूनं पृष्ठभाग साफ करायला सांगितलेलं आहे. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या ठरावीक गतीनं फिरतो, त्यावर हा ब्रश चालू शकतो.

हा ब्रश फक्त कडेला सारतो, उचलत नाही, ही त्याची उणीव. पण त्यावर झाकण, मागं पेटी आणि थोडा फवारा बसवला तर नगरपंचायतीला परवडणारं यंत्र तयार होतं, आणि ते दुरुस्त करायला कळंब, उमरगा, भूम इथले ट्रॅक्टरवाले फिटर आहेत. कोइमतूरची रूट्स मल्टिक्लीन आणि आपल्या देशातल्या इतरही कंपन्या झाडणी यंत्रं बनवतात. ती चांगली आहेत. पण सुट्या भागासाठी दोन आठवडे उभं राहणारं यंत्र लहान गावाला उपयोगी नाही. फिटरच्या हाताला लागेल अशी रचना हा सुद्धा यंत्राचा गुण मानला पाहिजे.

चालकासाठी एक युक्ती, सगळ्या जगात चालणारी: ब्रश जितका दाबावा तितकं जास्त झाडतो हा गैरसमज आहे. जास्त दाबला की केस वाकतात, टोकाऐवजी बगल घासली जाते, ब्रश लवकर संपतो. धुळीच्या जागी यंत्र उभं करून मोठा ब्रश काही सेकंद एकाच ठिकाणी फिरवा, उचला आणि खूण पाहा. चार ते सहा इंच रुंद, दोन्ही टोकांना सारखी पट्टी उमटली तर ब्रश बरोबर. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद असेल तर तो तिरपा बसला आहे. आणि वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर, म्हणजे झपाट्यानं चालणाऱ्या माणसाइतका. त्याहून वेगानं गेलं की कचरा मागे राहतो.

चिमूटभर गंमत

पॅरिसमध्ये १९८० च्या दशकापासून पुढं बरीच वर्षं कुत्र्यांची घाण ओढून घेणाऱ्या मोटारसायकली फिरत होत्या. त्याच शहरातले झाडूवाले हिरव्या प्लॅस्टिकचा झाडू वापरतात, त्याचा आकार जुन्या काटक्यांच्या झाडूसारखाच ठेवलेला आहे. फ्रान्समधल्या प्वी द्यू फू उद्यानानं २०१८ मध्ये सहा कावळ्यांना कागदाचे कपटे आणि थोटकं वेचायला शिकवलं, बदल्यात खाऊ. फिनलंडच्या ट्रॉम्बिया कंपनीचं चालकाविना चालणारं यंत्र २०२१ मध्ये हेलसिंकीत फिरलं. आणि २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळून ११३ जणांचा जीव गेला, तेव्हा तपासात कारण निघालं ते धावपट्टीवर आदल्या विमानातून पडलेली एक धातूची पट्टी. रस्ता झाडणं कधी कधी इतकं मोठं असतं.

झाडणारीचा हात

लक्ष्मीपूजनाला आपण शिंदीच्या पानांची नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. वऱ्हाडातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि रात्री कीर्तन केलं. २०००-०१ पासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान राज्यभर चाललं. झाडूला इतका मान देणाऱ्या मुलखात झाडूचा दांडा मात्र अजून आखूडच आहे. वाकून झाडल्यानं कंबर जाते हे झाडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. छातीपर्यंत येणारा हलका दांडा, पंजाला धरायला जाड मूठ, आणि चाकांवर उभी राहणारी दोन कप्प्यांची ढकलगाडी ही सुधारणा कुठल्याही मोठ्या यंत्राआधी व्हायला हवी, कारण जिल्ह्यातले बहुतेक रस्ते उद्याही हातानंच झाडले जाणार आहेत. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रस्ते झाडणाऱ्यांना गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, पायताण आणि मास्क देणं बंधनकारक केलं. झाडलेली पानं जाळू नयेत, वेगळी ठेवावीत, हेही त्यातच होतं. ती पानं खतात जातील, काळी माती परत शेतात जाईल, तर पेटी रिकामी करण्याचा खर्चही उतरेल.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातली १९ शहरं त्याच्या यादीत आहेत, त्यांत आपले दोन शेजारी, लातूर आणि सोलापूर, आहेत, धाराशिव नाही. म्हणजे यंत्र घ्यायचं तर नगरपरिषदेला आपल्या तुटपुंज्या पैशांतून घ्यावं लागणार आणि चुकीचं घेतलं तर ते आवारात उभं राहणार. म्हणून निविदेत दोन अटी घालाव्यात. यंत्राची चाचणी डांबरी चकचकीत रस्त्यावर न घेता एकदा जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, शेतरस्ता मिळतो त्या चौकात घ्यावी. आणि दुसऱ्यांदा कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, तुळजापूरच्या महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. आणि दोन्ही वेळा गुण देणाऱ्यांत रस्ता रोज झाडणाऱ्या दोन बायका असाव्यात.